अंगणातला नकाशा

आम्ही कुंडलिकेच्या अलीकडचे. पत्ता सांगताना आम्हाला नुसतं 'जालना' म्हणून भागत नाही, 'जुना जालना' म्हणावं लागतं, नाहीतर पाकीट नदीपलीकडे एक फेरी मारून येतं. पलीकडचं ते नवीन जालना. जुनी माणसं त्याला अजून काद्राबाद म्हणतात. माझी आई पूल ओलांडून कापड घ्यायला निघाली की 'नव्या जालन्यात जाऊन येते' असं म्हणायची आणि दारातली चप्पल बदलून चांगली घालायची. मधे नदी एवढीशी, पण त्या बदललेल्या चपलेवरून मला लहानपणी वाटायचं, की पलीकडे काहीतरी आपल्यापेक्षा पुढचं असणार.

'जुना' हा शब्द एकदा नावाला चिकटला, की माणसं तुमच्याकडे एका ठरावीक गोष्टीसाठीच येतात. शाळेचा प्रकल्प घेऊन मुलं येतात, वहीपेन घेऊन अभ्यासक येतात. मस्तगड कधीचा, काळी मशीद कोणी बांधली, आनंदी स्वामींचं मंदिर किती वर्षांचं, असं विचारतात. आम्ही सांगतो, चहा पाजतो, ती वही मिटून निघून जातात. आजवर एकाही माणसाने आमच्या ओट्यावर बसून विचारलेलं मला आठवत नाही, की अजून वीस वर्षांनी इथं काय असावं असं तुम्हाला वाटतं? आम्हाला मागच्या काळाचे राखणदार नेमून ठेवलं आहे, आणि पुढच्या काळाची बोलणी दुसरीकडेच चालतात. ही गोष्ट मला बरेच दिवस सलते आहे.

खरं तर हे गाव विचारून घडलेलं आहे, असं त्याची स्वतःचीच कथा सांगते. मुळात याचं नाव जनकपूर, सीतामाई इथं राहून गेली, अशी आख्यायिका. पुढे गावावर पुष्कळ उपकार केलेला एक धनिक मुसलमान व्यापारी होता, जातीने जुलाहा, म्हणजे विणकर. त्याच्या इच्छेवरून गावाचं नाव बदललं आणि 'जुलाहा'वरून 'जालना' झालं, असं सांगतात. इतिहास म्हणून ही कथा कोणी छातीठोकपणे सांगू नये. पण गोष्ट म्हणून ती मला फार प्रिय आहे. आपल्या नावाची गोष्ट सांगताना आमच्या पूर्वजांनी कुण्या राजाचं नाव पुढे केलं नाही, मागावर बसणाऱ्या कुळातल्या एका रहिवाशाचं केलं. त्याने काही मागितलं आणि गावाने ते ऐकलं, एवढीच ती गोष्ट.



शहराच्या पश्चिमेला मोती तलाव आहे. गणपती विसर्जनाच्या रात्री सगळं जालना तिथं लोटतं. एरवी संध्याकाळी मोतीबागेत पोरं पळतात, म्हातारी माणसं बाकावर बसून वारा घेतात. काळी मशीद, तिच्या शेजारची सराई आणि हा तलाव, ही सगळी कामं जमशेदखान नावाच्या इथल्या सुभेदाराच्या नावावर आहेत. तो मलिक अंबरच्या काळातला, असं जुनं गॅझेटिअर सांगतं. तलाव बांधून तो थांबला नाही. तलावापासून जमिनीखालून नळ घातले आणि ते पाणी गावातल्या हौदांत आणून सोडलं. सर्वांत मोठा हौद सराईच्या चौकात. गाव भरात असताना असे पाच हौद होते.

हे वाचून मी एकदा उलटा चालत निघालो होतो. काळ्या मशिदीपासून तलावाच्या दिशेने, गल्ल्यागल्ल्यांतून. उतार कुठून कुठे आहे ते पायांना कळावं म्हणून सावकाश चाललो. एका ठिकाणी म्हाताऱ्या गृहस्थांनी हटकलं, काय हुडकायलेत? मी म्हटलं, पाणी कुठून यायचं ते बघायलोय. त्यांनी काठी टेकून मला पन्नासेक पावलं पुढे नेलं आणि एका घराच्या पायरीपाशी थांबून म्हणाले, आमच्या वडिलांनी पाया खणला तेव्हा इथं मातीचा नळ लागला होता, एवढ्या रुंदीचा. दोन्ही हातांची बोटं जुळवून त्यांनी गोल करून दाखवला. त्यांच्या बोटांच्या त्या गोलातून मला एकदम शंभर घरं दिसली, घागरी दिसल्या, वाटसरू, घोडे, सराईत उतरलेले व्यापारी दिसले. कुणीतरी कधीतरी या उतारावर उभं राहून विचार केला होता, की माझ्यानंतरची माणसं इथं पाणी कुठून पितील? शहराच्या उद्याची कल्पना करणं म्हणजे माझ्या लेखी हेच. उंच इमारतींची रंगीत चित्रं त्यानंतर.

जमशेदखानाने गावाला विचारलं होतं का, हे सांगायला कागद नाही. तो सुभेदार होता, हुकूम देऊ शकत होता. पण हौद कुठे ठेवायचा हे गल्लीला ठाऊक असल्याशिवाय ठरत नसतं, एवढं मी या गल्लीत वाढल्यामुळे सांगू शकतो.

२०१२-१३चा दुष्काळ ज्याने जालन्यात काढला, त्याला पाण्याचं वेगळं काही सांगावं लागत नाही. आमच्या घरात निळा प्लास्टिकचा ड्रम होता, अजूनही आहे. त्याच्या आतल्या बाजूला क्षाराच्या पांढऱ्या रेषा बसल्या आहेत, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारख्या एकीखाली एक. त्या उन्हाळ्यात बायकोला त्या रेषा पाठ झाल्या होत्या. वरच्या रेषेपर्यंत पाणी असलं की पोरांच्या अंघोळी. दुसऱ्या रेषेला अंघोळी बंद, फक्त हातपाय. तिसरीच्या खाली गेलं की स्वयंपाक आणि पिणं, पाहुण्याला अर्धा पेला. नळ दोन-दोन, तीन-तीन आठवडे कोरडे. रात्री अडीचला टँकरचा आवाज आला की सगळी गल्ली उठायची, आणि रांग कोणी सांगितल्याशिवाय लागायची. बाळंतिणीच्या घरची घागर आधी भरायची, मग म्हाताऱ्यांची, मग इतरांची. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. भांडणं झाली, नाही असं नाही. नियम मात्र कुणी मोडला नाही.

त्याच काळाच्या आगेमागे या शहराने एक मोठं काम केलं. उत्तरेला कुंडलिकेवर घाणेवाडीचा तलाव आहे, निजामाच्या राजवटीतला. आता त्याला संत गाडगेबाबा जलाशय म्हणतात. तिथलं पाणी उताराच्या जोरावर शहराकडे येतं, मोटारीची गरज नाही. नवीन जालन्याची तहान पिढ्यान्‌पिढ्या त्यावर भागली. गाळाने तो उथळ झाला होता. मग गावातले व्यापारी, उद्योजक, शिक्षक, डॉक्टर, निवृत्त माणसं अशी मंडळी एकत्र आली, घाणेवाडी जलसंरक्षण मंच उभा राहिला, लोकांनी पैसे काढले, पोकलेन लावले. आणि आसपासच्या गावांतले शेतकरी आपापले ट्रॅक्टर घेऊन आले आणि तो काळा, कसदार गाळ आपल्या वावरात घेऊन गेले. शहराला खोल तलाव मिळाला, खेड्याला माती मिळाली. एका बाजूला जे साचून बसलं होतं, तेच दुसऱ्या बाजूला पीक होऊन उगवलं.

मी तेव्हा एका सकाळी तिथं गेलो होतो. तळाला भेगा पडलेल्या, पोकलेनचा दात मातीत शिरला की ओल्या गाळाचा एक जड वास यायचा. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेल्या एका शेतकऱ्याने हातात ढेकूळ घेऊन चुरगाळलं, नाकाशी धरलं आणि म्हणाला, "हे मव्हं दहा वर्षांचं खत हाये." दहा वर्षं! आमच्या शहरातल्या कुठल्या बैठकीत कोणी दहा वर्षांच्या पुढचं इतक्या सहज बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्याच्या मुठीत उद्याचा हिशेब होता, कारण वावर त्याचं होतं. आपलं आहे असं वाटलं, की माणूस पुढचं बघतो.

तेव्हा या कामाला कोणी लोकसहभाग म्हणत नव्हतं. घसा कोरडा पडला म्हणून सगळे धावले. पण तहान भागली की पांगलो, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुन्हा आपापल्या घरात. पुढे पैठणच्या नाथसागरातून अंबडमार्गे जलवाहिनी आली, जुन्या जालन्यालाही गोदावरीचं पाणी मिळालं. तरीही पाणी कधी सुटणार हा प्रश्न आमच्या गल्लीत सकाळच्या नमस्कारासारखा विचारला जातो.

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. २०२३ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली, राज्यातली एकोणतिसावी. २०११च्या जनगणनेत या शहरात २ लाख ८५ हजारांवर माणसं मोजली होती, आता ती किती वाढली असतील ते गांधी चमनपाशी संध्याकाळी रस्ता ओलांडून बघावं. समृद्धी महामार्ग शहराजवळून गेला. ड्राय पोर्टचं काम सुरू झालं. ३० डिसेंबर २०२३ला जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुटली, तेव्हा आमच्या बाजूच्या स्टेशनवर लेकराबाळांसकट माणसं तिला बघायला उभी होती. लोखंडाच्या भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या आहेत. इथली सळई देशभर घरांच्या छतांत जाते. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको सुरू केली आणि जालन्याचं बियाणं शेताशेतांत पोचलं. देशाला सळई आणि बी पुरवणाऱ्या गावाने आपल्या उद्याचं घर कसं बांधायचं आणि त्यात काय पेरायचं हे स्वतः बसून ठरवावं, यात जास्त मागितल्यासारखं काही नाही.

शहराचं पुढचं ठरवायचा सरकारी कागद म्हणजे विकास आराखडा. आपण त्याला डीपी म्हणतो. सामान्य माणसाला तो दोनच वेळा भेटतो. एकदा 'आपल्या प्लॉटवर आरक्षण पडलं' म्हणून, आणि एकदा 'इथून डीपी रोड जातोय' म्हणून. म्हणजे भेटतो तो संकट होऊनच. १९६६च्या कायद्याने आराखड्याचा मसुदा लोकांपुढे ठेवावा लागतो, हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात, त्यांवर सुनावणी घ्यावी लागते. साधारण महिनाभराची मुदत असते.

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावी, नातेवाइकांच्या घराचं काय होणार ते बघायला मी असा मसुदा बघून आलो आहे. भिंतीवर खूप उंच लावलेला. पिवळा म्हणजे रहिवास, निळा म्हणजे व्यापार, जांभळा म्हणजे उद्योग, हिरवा म्हणजे बाग-मैदान. सर्व्हे नंबर इतके बारीक, की माझ्यासोबतच्या मामींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि शेवटी मला विचारलं, "यात आपलं पिंपळाचं झाड कुठंय?" झाड नकाशात नव्हतं. मामी पन्नास वर्षं घराचा पत्ता त्या झाडावरून सांगत आल्या होत्या. त्या गप्प झाल्या, आणि आम्ही हरकत न लिहिताच परतलो. त्या दिवसाचं मला आजही वाईट वाटतं. हरकत लिहायला सर्व्हे नंबर लागतो, आणि मामींकडे झाड होतं.

विचारण्याच्या पद्धती नाहीत असं मुळीच नाही. पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांकडून प्रभागातली कामं मागवायला सुरुवात केली. कुठे पदपथ, कुठे बसथांबा, कुठे दिवा, लोक अर्ज भरून देतात. मुंबईच्या आराखड्याचा मसुदा २०१५ मध्ये आला. लोकांनी त्यातल्या चुका इतक्या दाखवल्या, हरकतींचा इतका ढीग पडला, की तो बाजूला ठेवून नव्याने तपासावा लागला. आपल्या राज्याच्या कायद्यात २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूदही आली. गावाला ग्रामसभा तशी शहरातल्या मोहल्ल्याला आपली सभा. अशा सभा प्रत्यक्षात फारशा भरल्या नाहीत. मला विचाराल तर या तीन गोष्टींत तिसरी सर्वांत मोलाची होती, आणि तिच्याकडेच सगळ्यांनी पाठ फिरवली. अर्ज एकटा माणूस भरतो. सभेत शेजाऱ्याचं ऐकावं लागतं.

म्हणून गेल्या दिवाळीनंतर आम्ही एक छोटी गोष्ट करून बघितली. फार गाजावाजा नाही, चारसहा घरांनी मिळून. शेजारच्या वाड्याचं अंगण मोठं आहे, शेणामातीचं, अजून फरशी पडलेली नाही. रविवारी दुपारी ते सारवून घेतलं. संध्याकाळी माझ्या पुतणीने निळ्या रांगोळीची एक वळणदार रेघ काढली आणि म्हणाली, ही कुंडलिका. मग तिला येऊन मिळणारी सीना. गेरूने रस्ते. गांधी चमन, स्टेशन, कचेरी रोड, मस्तगड, आनंदी स्वामींचं मंदिर, काळी मशीद, टाऊन हॉल, पश्चिमेला मोती तलाव. मोजमाप कुठलं? दोन पावलं म्हणजे एक चौक. येणाऱ्यांना एवढंच सांगितलं, की तुमचं घर आधी दाखवा, मग तुम्हाला जे हवं ते मांडा.

पहिली पंधरा मिनिटं कोणी पुढे आलं नाही. मग पलीकडच्या आजी उठल्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या. लुगड्याचा काष्टा सावरत खाली बसल्या, चिमटीत पांढरी रांगोळी घेतली आणि पुतणीने काढलेला एक रस्ता हाताने पुसून टाकला. "पोरी, हा असा सरळ न्हाई. इथं वळतो. आषाढीला स्वामींची पालखी वळते न्हाई का?" आणि पालखी जशी चालते तसा त्यांनी तो रस्ता पुन्हा काढला. कुठे पालखी थांबते, कुठे खांदेकरी बदलतात, कुठल्या घरापाशी ओटा पुढे आल्यामुळे पालखी तिरपी करावी लागते, सगळं त्यांच्या चिमटीत होतं. मग शेजारच्या भाईंनी ताबूत कुठून जातो ते सांगितलं, तोही त्याच वळणावर अडतो. बघता बघता आमच्या गल्ल्यांच्या खऱ्या रुंदीचा नकाशा अंगणात उतरला. पालखी जाते का, जनाजा जातो का, तिरडी वळते का, रात्री रुग्णवाहिका दारापर्यंत येते का, या मापाने मोजलेला. असं माप मोजणीच्या कुठल्याही दुर्बिणीला सापडणार नाही. आणि ते आजींनंतर कोणाला माहीत असेल, या विचाराने मी घाईघाईने वहीत उतरून घेतलं.

मग बाकीचे मोकळे झाले. जिथं नळाला पाणी नीट येतं तिथं बाटलीचं झाकण, जिथं येत नाही तिथं उलटं झाकण. झाड हवं तिथं मोसंबीची साल. मोसंबी इथं घरोघर असतेच, पोरांनी सालींचा डोंगर केला. शिवणकाम करणारी चाची बराच वेळ वाड्याच्या खांबाला टेकून उभी होती. तिने नदीकडे बोट दाखवलं. "सब घरां नदी को पीठ दिखारे. मोरी उधर, कचरा उधर. एक बार नदी का मुंह इधर करो ना बाबा."

अंगण एकदम शांत झालं. खरंच, आमच्या प्रत्येक घराची पाठ कुंडलिकेकडे आहे. दार रस्त्याला आणि मोरी नदीला. जिच्यामुळे गाव वसलं, तिच्याकडे तोंड करून बसायला एक पायरीसुद्धा आमच्या बाजूला धड उरलेली नाही. कुंडलिका आणि सीना या दोन्ही नद्यांची साफसफाई, खोलीकरण, झाडं लावणं यासाठी शहरातल्या मंडळींनी कष्ट घेतले आहेत, आणि त्याचं मोल मला आहे. पण नदीचं तोंड आपल्याकडे करायचं, म्हणजे आपणच फिरून बसायचं, हे मला चाचीने शिकवलं. तिने आपल्या ब्लाउजपिसांच्या पिशवीतून हिरव्या चिंध्या काढल्या आणि निळ्या रेघेच्या कडेने एकेक ठेवत गेली. पायऱ्या, म्हणाली. बायकांना बसायला.

भांडणही झालं. रिक्षा चालवणाऱ्या भाऊंना स्टेशनचा रस्ता दुप्पट रुंद हवा होता. त्यांनी गेरू घेऊन तो केलाही, आणि रेघ नेमकी आजींच्या ओट्यावरून गेली. आजी काही बोलल्या नाहीत, नुसत्या त्या रेघेकडे बघत बसल्या. भाऊंनी पाच मिनिटांनी स्वतःच विचारलं, "आजी, ओटा ऱ्हायला पायजे ना?" मग दोघं-तिघं मिळून हिशेब करू लागले. एका बाजूची वाहतूक पलीकडच्या गल्लीतून वळवली तर? हातगाड्या एका ओळीत लावल्या तर? तोडगा निघाला असं मी म्हणणार नाही, त्या रात्री तो निघाला नाही. पण रुंदीकरण हा शब्द भाऊंच्या तोंडी त्यानंतर पूर्वीसारखा आला नाही. ज्याचा ओटा जाणार त्याचा चेहरा समोर असला, की माणूस वेगळी रेघ शोधतो.

सर्वांत शेवटी नववीतली एक मुलगी पुढे आली. काही बोलली नाही. खिशातून काड्यापेटी काढली, आणि शिकवणीपासून तिच्या घरापर्यंतच्या वाटेवर जिथं दिवा नाही तिथं एकेक काडी उभी करू लागली. अकरा काड्या. तिचे वडील तिथंच होते. अकरा काड्यांच्या वाटेने आपली मुलगी रोज येते हे त्यांना त्या अंगणात कळलं. नंतर त्यांनी एवढंच विचारलं, "सांगितलं काहून नाही?" ती म्हणाली, "कोणी इचारलंच नाही."

त्या अंगणात कोण नव्हतं, हेही लिहिलं पाहिजे. सळईच्या कारखान्यात रात्रपाळी करणारी परप्रांतातली पोरं नव्हती. ती एका खोलीत आठ-आठ राहतात, आमच्याच नळाचं पाणी पितात, आणि आम्ही त्यांना बोलवायचं विसरलो. वस्तीच्या टोकाची, कचरा वेचणारी घरं नव्हती. जालन्याजवळच बेथेल आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी वसवलेलं. गावांनी वेशीबाहेर ठेवलेली मांग समाजाची माणसं ख्रिस्ती झाली आणि त्यांनी तिथं आपली घरं, शेती, विहीर उभी केली. ज्यांना गावाच्या नकाशात जागा मिळाली नाही, त्यांना वेगळा नकाशा काढावा लागला. आमच्या रांगोळीत अशी कोणाची जागा सुटली असेल, तर ती रांगोळी अपुरी होती. पुढच्या वेळी रात्रपाळी सुटल्यावर, सकाळी आठला, कारखान्याच्या फाटकाजवळ अंगण शोधायचं असं आम्ही ठरवलं आहे.

मुलांनी रांगोळी पुसू दिली नाही. दोन दिवस सगळे कडेकडेने चालले. तिसऱ्या दिवशी सकाळी आजींनीच सडा टाकला. वहीत मात्र सगळं आहे. पालखीचं वळण, उलटी झाकणं, चाचीच्या पायऱ्या, अकरा काड्या. त्यातल्या अर्ध्या गोष्टींना नव्या आराखड्याची वाट बघायचीही गरज नाही, दिव्यांना तर नाहीच. तो अर्ज आम्ही देऊन आलो आहोत.

महानगरपालिकेत आता बसलेल्या आणि पुढे बसणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. शहराचा नवा आराखडा कधी काढाल तेव्हा त्याची पहिली सभा नदीच्या आमच्या बाजूला घ्या. गांधी चमनजवळ घ्या, टाऊन हॉलला घ्या. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा झेंडा जिथं आपण एकत्र उभं राहून बघतो, तिथं एकत्र बसताही येईल. वेळ संध्याकाळची ठेवा, बायका स्वयंपाक उरकून येऊ शकतील अशी. नकाशा भिंतीवर उंच लावू नका, जमिनीवर अंथरा. सर्व्हे नंबरासोबत झाडंही दाखवा.

आणि जालनेकरांनो, मसुदा लागला की महिनाच मिळणार आहे. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या आणि सर्वांत लहान माणसाला सोबत घेऊन जा. आपली गल्ली शोधा, सापडली नाही तर विचारा, आणि हरकत असो की सूचना, लिहूनच परत या. अंगण लागलं तर आमचं आहे. सतरंज्या आणि रांगोळीचे डबे तयार ठेवले आहेत.